शेवाळातली धार थांबली तेव्हा

बाबा, तुझी चुन्याची डबी अजून माझ्या टेबलावर आहे. आतला चुना वाळून केव्हाच दगड झाला, तरी प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंना मी ती हलवू देत नाही. आज लिहायला बसले ते तिच्यामुळेच. एका सकाळी तू मला विचारलं होतंस, "काऊन थांबली?" त्या 'का'चं उत्तर तेव्हा मला येत नव्हतं, आणि आलं ते तुला सांगायच्या आत तू गेलास.

दिवाळीची सुट्टी होती. माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष, आणि पुढे एमएस्सीला नागपूरला जायचं मी मनाशी पक्कं केलेलं. तू नाही म्हणत नव्हतास, फक्त विषय निघाला की जाळं विणायला घ्यायचास. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच. मी गेले तर तुला बोलायला भिंतीच उरणार, हे मलाही कळत होतं. एकदाच तू तोंड उघडलंस, "शेवार शिकाले नागपूर कायले पायजे? आपल्या बांधात का कमी हाये?" आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा जाळ्यात डोकं. हट्टाला पेटायचं तर मी तुझीच मुलगी. कॉलेजच्या मॅडमकडून सुट्टीपुरता आरशाचा जुना मायक्रोस्कोप मागून आणला होता. तो मी अंगणात मांडला आणि तुला हाताला धरून बसवलं.

नवेगावच्या बांधावरून, त्या तलावातली मासळी धरून तू परत आलास की जाळ्याला ते खरखरीत शेवाळ गुंतलेलं असायचं. सोडवताना बोटं सोलून निघायची आणि तू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचास. पुस्तकात त्याचं नाव कारा. अंगावर चुन्याचे थर असतात म्हणून ते खरखरीत, आणि त्याची एकेक पेशी बोटभरसुद्धा लांब होते. तसली एक स्वच्छ पेशी मी काचपट्टीवर पाण्यात आडवी ठेवली. एक टोक भिंगाखाली, दुसरं काचेच्या कडेशी. आरशात ऊन धरलं. तू एक डोळा मिटून वाकलास.

आत हिरव्या रांगांच्या खालून बारीक कण वाहत होते, एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली, न थकता. तू हरखून गेलास. "हे तं जिरे होत," म्हणालास, म्हणजे मासळीची नुकती जन्मलेली पिल्लं. मी सांगतेय की हे मासे नाहीत, ही एकच पेशी आहे, तिच्या आतला रस फिरतोय. पण तू ऐकतोस कुठला. जाळं टाकलं की डोंग्याच्या काठावर काठीने ठोकून मासे जाळ्याकडे हाकायचे, ही तुझी जन्माची सवय. तुझा हात आपसूक उठला आणि काचेच्या कडेला, शेवाळाच्या त्या दुसऱ्या टोकावर, तू नखाने टकटक केलीस. पळालं कोणीच नाही. सगळं जागच्या जागी थांबलं.

"मी मारलो का वो इले?"

रोज टोपलीभर मासे मारणारा माणूस, आणि शेवाळाच्या एका काडीसाठी कासावीस झालेला. मलाही ती मेलीच वाटली. दुसरी लावते म्हणून मी काच उचलायला गेले, तर तू माझा हात धरलास. "थांब जरासाक." डोळा भिंगावरून हलवला नाहीस. चहा निवला, कोंबडी पायात येऊन गेली. मग एक कण हलला. त्याच्यामागे दुसरा. थोड्या वेळाने धार पुन्हा पहिल्यासारखी वाहू लागली.

"चालली," तू हळूच म्हणालास. मग मान वर करून विचारलंस, "काऊन थांबली? अन कोन चालवलन तिले?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं, तर तू म्हणालास, "मंग जाय नागपूरले. इचारून ये."

विचारून आले, बाबा. पेशीच्या पातळ पडद्याच्या आतबाहेर विजेचा ताण असतो. तुझं नख लागलं आणि आतल्या रसात कॅल्शियम शिरलं, तुझ्या डबीतल्या चुन्यात असतं तेच. एरवी पेशी त्याला बाहेर आणि आतल्या साठ्यांमध्ये कोंडून ठेवते. ते सुटलं की क्लोराइडच्या वाटा उघडतात, विजेचा ताण कोसळतो, आणि ती लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. म्हणून तू इकडे टकटक केलीस आणि तिकडे भिंगाखाली कळलं. नस नाही, मेंदू नाही, आणि तरीही कळलं. रस वाहता ठेवणारी यंत्रणाही तेच कॅल्शियम थांबवतं. मग पेशी ते पुन्हा उपसून काढते आणि धार सुरू होते. यंत्राच्या पडद्यावर ती लाट मी पहिल्यांदा उसळताना पाहिली तेव्हा रडूच फुटलं. आपल्या काळजाच्या ठोक्यालाही हेच कॅल्शियम लागतं. बांधातल्या शेवाळाला आणि तुला. अजूनही हे मला पुरतं पचलेलं नाही.

सुट्टीत येऊन तुला सांगणार होते. त्याआधीच गोंदियाच्या दवाखान्यातून बोलावणं आलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, घडी करून डबीखाली ठेवीन. पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. डॉक्टरांनी तुझं मनगट सोडलं आणि नर्स चादर ओढायला लागली, तेव्हा सगळं शिकून बसलेली मी तिचा हात धरून म्हणाले, "थांबा जरासाक." आणि तुझी नाडी धरून बसले, शेवाळाला लागला होता तेवढा वेळ.