प्रक्षिप्त पट्टी

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तक्रार, मग कुशल. तुझे अक्षर हल्ली इतके बारीक झाले आहे की गेल्या पत्राचा आरंभ मी चष्म्याने वाचला, मधला भाग भिंगाने आणि शेवट निव्वळ श्रद्धेने. मुंगीने शाईत पाय बुडवून कागदावरून फेरी मारावी तसे ते दिसते, आणि मुंगीसुद्धा पानाच्या तळाशी येता येता लहान होत गेलेली. माझी हयात पोथ्या वाचण्यात गेली, पण एकाही लेखनिकाने माझा असा छळ केलेला नाही. कागद महाग झाला असेल तर तसे कळव, रीमभर पाठवतो.

इकडे सर्व ठीक. तुझ्या भावजयीचा गुडघा कुरकुरतो. ती स्वतः कुरकुरत नाही, ते खाते माझ्याकडे आहे.

आता मुख्य वार्ता, आणि ही बसून वाच. आपली सायकल सापडली! तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागलीस तेव्हा बाबांनी बदली होऊन जाणाऱ्या त्या इंजिनिअरकडून घेतलेली आणि तुझे लग्न झाल्यावर विकून टाकलेली ती अजस्र क्रूझर. मी शिकवतो त्या शाळेमागच्या भंगारवाल्याच्या आवारात दोन मोडक्या पलंगांच्या मध्ये उभी होती. तेच फुग्यासारखे जाड टायर (म्हणजे एकेकाळी टायर असावेत असे काहीतरी), म्हशीच्या शिंगांसारखे मागे वळलेले तेच रुंद हँडल, दोन नळ्यांच्या मधे तीच पोटासारखी पत्र्याची पेटी. पाहताक्षणी ओळखली. भंगारवाल्याने वजनाच्या भावाने दिली आणि मला वर एक दयेची नजर फुकट दिली.

सध्या ती माझ्या पडवीत आहे. वरचा रंग काळा, तो घराच्या गजांना लावतात तसला. त्याखाली तपकिरी, आणि त्याच्याही खाली फिकट निळा. मूळ संहिता निळी आणि वरची दोन भाष्ये, असा माझा निष्कर्ष आहे. मूळ संहितेपर्यंत पोचायचे आणि ग्रंथ शुद्ध करून चालता करायचा, असा मी संकल्प सोडला आहे. पुढच्या नळीवरचा बिल्ला मात्र गळून गेला आहे. त्यावर हंस होता ना? मला स्वच्छ आठवतो.

लोभ आहेच. तो फक्त जरा मोठ्या अक्षरात दाखवावा.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शास्त्रीबुवा, तुमची सायकल पोचली. म्हणजे पत्रातून पोचली. ठमीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मामाला आता पडवीतून हाकलायला मामीला नवं कारण मिळालं.

हंस नव्हता रे, बगळा होता. एका पायावर उभा. तुला लहानपणापासून जे पांढरं दिसेल ते हंसच वाटायचं. दुकानात तिला बगळा छापच म्हणायचे.

आणि पाहताक्षणी ओळखली, हे मी ऐकून घेणार नाही. तू तर मला गर्दीत दोनदा ओळखलं नव्हतंस. आता मी सांगते तसं कर. पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रावर पातळ कागद धर आणि वरून पेन्सिल घास, नक्षी उमटेल. तो कागद मला पाठव. बगळा छापच्या चक्रात पिंपळपानासारखी भोकं असायची, इतर कुणाच्याच नसायची.

दुसरं, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या उजव्या पायावरचा रंग खरवडून बघ. मी एका कारखान्याच्या भिंतीवर धडकले होते तेव्हा तिथून तो मोडला होता आणि बाबांनी झाळून आणला होता. झाळलेल्या जागी चांगली सुपारीएवढी गाठ होती. लोखंडाची गाठ आहे, अशी झिजून जाणार नाही.

आणि कृपा करून काही फेकून देऊ नकोस.

माझं ठीक आहे. चालणं थोडं कमी झालंय, इतकंच. भावजयीला गुडघ्यावर शेक घ्यायला सांग.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत चक्राचा ठसा जोडला आहे. पिंपळपाने पाचही स्पष्ट. तेव्हा बगळा छाप हे सिद्ध झाले, आणि हंसाला मी जड अंतःकरणाने निरोप दिला.

चिमट्याबद्दल मात्र दुःखद वार्ता. उजवा पाय लोखंड दिसेपर्यंत खरवडला. गुळगुळीत आहे. मग आशेने डावाही खरवडला, तोही गुळगुळीत. कुणी चिमटा बदलला असेल असा पूर्वपक्ष मी दोन दिवस लढवला, पण चिमट्यावरचा निळा रंग आणि चौकटीवरचा निळा रंग एकच, थरही तितकेच. ही आपली नव्हे, ताई. आपल्या सायकलीची सख्खी बहीण असेल, पण आपली नव्हे. कुणा तिऱ्हाइताच्या सायकलीला मी महिनाभर आंघोळ घालत होतो. तुझी भावजय हे ऐकून इतकी हसली की गुडघ्याचे तिला भान राहिले नाही.

तरी काम बरेच पुढे गेले होते. एक गंमत सांगतो. जुन्या ग्रंथात मागाहून घुसडलेला मजकूर ओळखण्याची एक खूण असते. तो काढला तरी अर्थ बिघडत नाही. या सायकलीच्या मागच्या चाकाच्या आसापासून चौकटीपर्यंत वीतभर लांबीची एक लोखंडी पट्टी आवळलेली होती. तिचे प्रयोजन दिसेना. सोडवून पाहिली, तर चाक पूर्वीइतकेच आनंदाने फिरले. सबब ती प्रक्षिप्त ठरवून काढून टाकली. फेकलेली नाही हो! आपल्या परसदाराची कडी मोडली होती, तिथे ती फार नामी बसली. मूळ ब्रेक कुणी चोरून नेले होते, हँडलवर त्यांचा मागमूसही नव्हता, म्हणून हाताने दाबायचे नवे ब्रेक दोन्ही बाजूंना बसवून घेतले.

आता आपली नाही म्हटल्यावर उत्साह ओसरला आहे. शाळेचा शिपाई मागतो आहे, त्याला देऊन टाकावी म्हणतो. तुझे काय मत?

ममतेत काटकसर नसावी, ही विनंती.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अक्षर ठमीचं आहे, मजकूर माझा. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय.

सायकल कुणाला देऊ नकोस. आपली नसेना का.

ती पट्टी म्हणजेच ब्रेक आहे. या सायकलीला हाताचे ब्रेक नसतातच, कुणी चोरले नाहीत. पेडल मागे दाबलं की मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या आत ब्रेक लागतो. ती पट्टी हबला घट्ट धरून ठेवते. ती नसेल तर ब्रेक पकडणारच नाही. पट्टी दारातून काढ आणि जागेवर लाव. हाताचे ब्रेक काढून टाक, दोन्ही.

हब उघडून आतला माल तपास. झिजला असेल तर बगळा छापचाच घाल, दुसरा बसत नाही. सीट किती खाली येते ते मोजून कळव. बसल्यावर दोन्ही पाय पुरे जमिनीला टेकले पाहिजेत.

हे लवकर कर.

ताई

&nbsp;

ता. १५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र मी आईला न सांगता त्याच पाकिटात घालते आहे. ती बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकते आहे. आईचा चष्मा तिच्या नाकावरच आहे.

तिला कंपवात झालाय. दिवाळं निघाल्यासारखं लपवते. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथच घातली होती. मी मोडते आहे. तुम्ही तिच्या अक्षराची थट्टा केलीत ते पत्र तिने मला वाचून दाखवलं, हसली आणि मग घडी घालून ठेवून दिलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात अक्षर असंच बारीक होत जातं. तुम्हाला कसं कळणार होतं? मलाही वाटायचं की ती घाईत लिहिते.

हातांचं कापणं एक वेळ चालतं, पण पाय अडतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येते आणि पाऊल उचलतच नाही. मी हाक मारली की आणखी घट्ट रुततात. त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. महिनाभर ती घराबाहेर पडलेली नव्हती. पडायचंच नाही म्हणायची.

गेल्या आठवड्यात जबरदस्तीने तिला व्यायामाच्या बाईंकडे नेलं. दारातच पाय अडले. दोघींनी धरून आत घेतलं. तिथे एक जागेवर चालणारी सायकल होती. आई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, मला यावर बसवा. आणि मामा, पाय फिरायला लागले! न अडता. ऑफिसला उशीर झाल्यासारखे. बाई म्हणाल्या, असं होतं काही जणांचं, ज्यांना चालता येत नाही त्यांना सायकल जमते. आई उतरायला तयार नव्हती.

घरी आल्यावर तिने तुमची पत्रं पुन्हा काढायला लावली. हाताचे ब्रेक तिला वेळेवर दाबता येणार नाहीत, बोटं उशिरा ऐकतात. पण मागे पेडल दाबणं जमेल. बाईंना मी विचारलं. सगळीकडून बंद असलेलं मैदान, डोक्यावर हेल्मेट आणि दोन बाजूंना दोन माणसं असतील तरच, असं म्हणाल्या. त्या स्वतःही यायला तयार आहेत.

तुम्ही पट्टी काढल्याचं वाचलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. म्हणून आजचं पत्र तसं कोरडं आहे. तुमच्यावर राग नाही तिचा.

मामींना नमस्कार. माझ्यावर रागावा हवं तर, पण सायकल करा.

तुमची,
ठमी

&nbsp;

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सायकल तयार आहे. ठमीने मला सगळे लिहिले. तिला बोलू नकोस. तू मला काही सांगितले नाहीस म्हणून मी रागावणार होतो, पण आधी पट्टी काढायची होती, आणि राग मागे पडला तो पडलाच.

दारातून पट्टी काढली तेव्हा तुझी भावजय म्हणाली की या घरात एक दार धड लागत होते, तेही विद्वानांना बघवले नाही. मग मी का काढतो आहे ते तिला सांगितले. तिने स्वतः दिवा धरला.

मागचा हब उघडला. आतले ग्रीस डिंकासारखे वाळले होते. ब्रेकचे पितळी तुकडे झिजून पात्यासारखे पातळ झाले होते. बगळा छाप हे ठाऊक नसते तर नवे मिळालेच नसते. सुट्या भागांच्या जुन्या दुकानात मी नाव सांगितले तेव्हा दुकानदार आत गेला आणि इतका वेळ आला नाही की मी तिथले एक स्टूल झटकून त्यावर बसलो. शेवटी धूळभरला एक डबा घेऊन आला. त्यात अजून दोन जोड आहेत, तेही घेऊन ठेवले. टायर नवे, साखळी नवी, स्पोक बहुतेक नवे. निळा रंग होता तसा ठेवला आहे, जिथे नाही तिथे नाही.

ब्रेकची परीक्षा मी स्वतः दिली. शाळेच्या मैदानात फेरी मारताना एका श्लोकाचा अन्वय मनात आला, आणि विचार करताना पाय मागे फिरवायची माझी जुनी सवय. इतर सायकली ते खपवून घेतात. ही जागच्या जागी थांबली, मी पुढे गेलो. ब्रेक उत्तम लागतो, कोपर साक्षीला आहे. शिपाई धावत आला आणि त्याने आधी सायकल उचलली.

सीट पार खाली आणली आहे. तुझी भावजय तुझ्याच उंचीची, म्हणून तिला बसवून पाहिले. दोन्ही पाय पुरे टेकतात. त्यानंतर ती उतरेना. पडवीतल्या पडवीत अर्धा तास बसून होती.

मे महिन्यात शाळेला सुट्टी आहे. मैदानाला चारी बाजूंनी भिंत आहे, फाटकाची किल्ली मी मागून घेतली आहे. बाईंच्या सगळ्या अटी मान्य. एका बाजूला ठमी, दुसऱ्या बाजूला मी. आपल्या दाराला उंबरा होता, तो परवा सुताराकडून काढून घेतला.

कंपवात हा शब्द मी वर्गात किती वेळा फळ्यावर फोडून दाखवला असेल. कंप, वात, आणि मधला समास. मुले लिहून घेत, मी पुढच्या शब्दाकडे वळत असे. ठमीचे पत्र वाचले त्या दिवसापासून मला तो शब्द उच्चारता येत नाही. घरात आम्ही त्याला 'ते' म्हणतो.

ताई, या पत्रात मी नेहमीसारखे लिहायचा प्रयत्न केला. आता सरळ लिहितो. दीड महिना, रोज शाळा सुटली की, मी पडवीत बसून घासत होतो. एक नट सुटला की दुसरा दिसे, तो सुटला की तिसरा, आणि त्यापलीकडचे काही बघावे लागत नसे. काल शेवटचा नट आवळला, रॉकेलने हात धुतले आणि पायरीवर बसलो. आता करायचे काही उरले नाही. सायकल होती म्हणून मला दुरुस्त करता आली. तुझे मी काय करू शकतो ते मला कळत नाही. मला फार भीती वाटते आहे.

सुट्टी लागण्याची वाट बघू नकोस. आधीच ये.

तुझा,
धाकटा