एकशे चाळीस मिलिसेकंद

१ सप्टेंबर, सकाळी ६
भूमिकाने माझ्या मोबाईलवर तालाचा गेम टाकून दिला. वरून पट्ट्या पडतात, बरोबर बीटवर बोट मारायचं. पोरगी म्हणते, लय कठीण आहे. अकरा वर्षं संघपालच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवून राहिलो मी. आठ दिवसांत एक्सपर्ट लेव्हल पार. पार्टीलेही दाखवतो. १४ ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी तिथे नव्या ढोलकीवाल्याची कुजबुज आहे म्हणे.

२ सप्टेंबर
सदतिसाव्या सेकंदाले आउट. सव्वीस वेळा. स्क्रीनगार्ड जाड आहे.

५ सप्टेंबर
स्क्रीनगार्ड काढला. सदतिसावा सेकंद. भूमिका म्हणते, बाबा, तेवढाच तुकडा अर्ध्या स्पीडवर घोटा, मग हळूहळू वाढवा. अर्धा स्पीड? मले? काहून? सुरुवातीपासूनच खेळतो. पहिले छत्तीस सेकंद तर आता झोपेतही येतात.

९ सप्टेंबर
बायको, हर्षा म्हणते, तुमच्या टकटकीनं माझी पोळी वाकडी होते. तालाचा असर होतोच माणसावर.

१३ सप्टेंबर
रिहर्सल. संघपाल आजही ओळीच्या शेवटी रेंगाळला. आवाज गोड, पण तालात कच्चा. अकरा वर्षं सांभाळून घेतलं त्याले. कधी बोलून नाही दाखवलं.

१८ सप्टेंबर
सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन सापडलं. टिकटिक वाजते, सोबत टॅप करायचं, मोबाईल किती मागे आहे ते कळते. निघाला एकशे चाळीस मिलिसेकंद उशीर. म्हटलं नव्हतं? मोबाईलच डब्बा.
भूमिकाने त्याच मोबाईलवर केलं. आठ. मोबाईल तिले ओळखते.

१९ सप्टेंबर
हर्षाच्या मोबाईलवर केलं. एकशे चाळीस. तिचाही डब्बा.

२७ सप्टेंबर
रिहर्सल. ढोलकीवर कन्हानचा नवा माणूस. मी नुसता बसलो. संघपाल चार गाणी गायला, एकदाही रेंगाळला नाही.
मग मले बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. म्हणे, "राग नका मानू, धम्मानंदभाऊ. तुमी थोडे मागं राहता. मी थांबून थांबून गात होतो. आता दम नाही पुरत."
मनीषनगरला घरापर्यंत गाडीवर रडत आलो. हर्षाले सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी
कार्यक्रमाले गेलो नाही. पाठ दुखून राहिली.
भूमिकाने माझ्या हातून मोबाईल घेतला, सेटिंगमध्ये एकशे चाळीस टाकलं, परत दिला. सदतिसावा सेकंद गेला. अख्खं गाणं पार. स्क्रीनवर फटाके.
आता गेमही माझ्यासाठी थांबून राहिला.