घाटावरची चौकी

गुणवंता,

परवा सिरोंच्याच्या सभेत तू म्हनला, प्राणहितेपलीकडून, आंध्रातून येनाऱ्या लोकांले अडवाले घाटावर चौकी पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर बसलेल्या आपल्या आईनंही वाजवल्या. त्याच घाटावर ती नवरी होऊन डोंग्यातून उतरली होती. तुयी भाषनातली मराठी तिले अजून समजत नाई.

घरी येताना तिनं तेलुगूत विचारलं, "काय म्हने माया पोरगा?"

मी म्हनलं, "घाटावर पूल बांधतो म्हने."

तवापासून ती माहेरी निरोप धाडून राह्यली, आता बैलगाडीनंच या म्हनून.

तुयं टपाल तुये कार्यकर्ते फोडतात, म्हनून हे पत्र टपालानं धाडत नाई, घरीच तुयासाठी ठेवलं. तू घरी आला का ती पुलाचं विचारनार. काय सांगाचं ते तूच ठरव. पन तेलुगूत सांग.

तुयी मोठी बहीण,
रंभा