डाव्या हाताची वीण

मी, खाली सही करणारी, रानातल्या वेलींच्या टोपल्या विणून पोट भरलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने करत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते तापलेलंही आहे, पण तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, असं वकिलांनी सांगितलं आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. नातीच्या अपघातानंतर तिने या घराचा उंबरठा ओलांडला नाही, तरीही.

२. मागची खोली धाकट्या भावाने हयातभर वापरावी. अट एकच. माळ्यावरचा वेलीचा पाळणा त्याने त्या खोलीच्या दारावर टांगावा आणि विचारेल त्याला तो कोणी विणला ते सांगावं. पाळणा उतरवला त्या दिवशी खोली खाली करावी. तो जाळून टाकू म्हणून हा हात धुऊन माझ्या मागे लागला होता.

कारण नोंदवून ठेवते. नात जन्मली तेव्हा मी तापाने अंथरुणाला खिळले होते. पाळणा मी विणतो, असं धाकटा म्हणाला. मी बजावलं होतं, वेल आधी सावलीत सुकू दे, मग भिजवून विण. हिरवी वेल नंतर आटते आणि वीण सैल पडते. त्याला धीर कुठला. हिरवीच विणली, आणि माझ्या नावाने दिला की कोणी खोड काढणार नाही म्हणून ताईने पाठवलाय असं सांगून आला. महिन्याभरात बूड सुटलं. बाळ खाली पडलं, उजवा हात मोडला. दवाखान्यात मुलीने विचारलं तेव्हा हा भिंतीकडे बघत म्हणाला, "ताईनेच विणला."

मी कानीकपाळी ओरडून सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, निदान आज तरी खोटं बोलू नकोस."

३. ओढ्याकाठच्या वेली मुळासकट उपटणाऱ्या भाच्याला काहीही देऊ नये. दाभणसुद्धा नाही.

४. माझा कोयता नातीला. त्याला एकाच अंगाने धार आहे, डावखुऱ्या हातासाठी. इतर कोणाला तो चालत नाही. उजवा हात नीट वळत नाही म्हणून ती डाव्या हाताने लिहिते, हे मी शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून पाहिलं आहे. तिला शिकवायचा हक्क माझा होता. तो तुम्ही मामा-भाचीने हिरावलात, याचा मला आजही संताप येतो. वेल गाठीच्या वर कापावी, मूळ राखावं, एवढं तरी तिला सांगा.

५. मुलीस. पाळणा टांगण्याआधी तू स्वतः हातात घे आणि विणीवरून बोट फिरव. माझी प्रत्येक टोपली उजवीकडून डावीकडे फिरते. लहानपणी तूच मला उलटी आई म्हणून चिडवायचीस. पाळण्याची वीण डावीकडून उजवीकडे जाते. तू परत धाडलेला तो पाळणा मी तुझ्या दारी दाखवायला आणला, तर तू दार उघडलं नाहीस. धाकटा जन्माचा भित्रा, तो खोटं बोलणारच. तू माझ्या टोपल्यांत वाढलीस, आणि एकदाही पाहिलं नाहीस.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई, ज्यांनी मला तपासून शुद्धीवर असल्याचं सांगितलं, आणि समोरचा लोहार, ज्याने कोयत्याला धार दिली.

ठिकाण: माझी ओसरी. तारीख डॉक्टरीणबाईंनी घातली आहे.

सही माझी, डाव्या हाताने.