मेंढरं कुठं थांबायची

किंगरीचा गज भावाच्या हातात दिलास आणि मला म्हणालास, "तू चुलीकडं बघ, दूध उतू जाईल." दूध उतू गेलं नव्हतं. तुझ्या पोराला कान नव्हता, मला होता, आणि हे तुला पक्कं ठाऊक होतं. ही तक्रार मी आजवर कुणापुढं मांडली नाही, कारण ऐकणाऱ्याच्या तोंडावर लगेच कीव येते आणि कीव मला खपत नाही. आता तूच ऐक. मेलेल्या माणसाला मधूनच उठून जाता येत नाही.

बा, मी तुझी थोरली. नातवंडं झाली, पुढचे दात गेले. अक्षरं मला नातीच्या पाटीवरून आली, तेव्हा चुकतमाकत लिहिते; तुझा तर जन्मभर अंगठाच होता, त्यामुळं तू हसू नको. तुझ्यामागं लय काही झालं. निजाम गेला. आता आपण मुंबईच्या राज्यात आहोत म्हणतात. मुंबईला ते कुणी कळवलंय का, ठाऊक नाही. जुम्म्याची सुट्टी गेली, ऐतवारची आली, आणि त्यापायी आपली किंगरीची बैठकसुद्धा जागची हलली. तू होतास तेव्हा ती चैती पुनवेला बसायची, चंद्र बघून. आता मास्तरला आणि ग्रामसेवकाला सवड पाहिजे म्हणून शनिवार-ऐतवार. पुनव जिथं पडेल तिथं पडो. माळ मात्र तोच, ताडकळसच्या अलीकडचा, तीच लिंबं, तीच वाऱ्याची धूळ. चुडाव्याच्या टेशनावर उतरून लोक अजून चालत येतात. पण यंदा वाजवायला बसलेल्यांपेक्षा भजी खायला उभे राहिलेले जास्त होते. तरणी पोरं किंगरीवर सिनेमातली गाणी काढतात. भोंगा लावलाय, त्यातून किंगरी ऐकली की वाटतं कुणीतरी बकरी दारात चेंगरली.

दस्तूर मात्र ठेवलाय अजून. एका घराची एक घोंगडी, एका घोंगडीची एक चाल. दुसऱ्याच्या घरची चाल कुणी वाजवायची नाही. माणूस मेला तरी बैठकीत त्याची घोंगडी अंथरायची, आणि त्याच्या घरातल्या कुणीतरी तिच्यावर बसून त्याची चाल वाजवायची. तीन बैठका घोंगडी रिकामी राहिली की म्हातारे ती उचलून घडी करतात आणि घरच्यांच्या हातात देतात. मग ते घर संपलं. माणसं जगतात, लग्नं होतात, मेंढरं वाढतात, पण बैठकीत त्या घराचं नाव कुणी घेत नाही. तू स्वतः दुसऱ्यांच्या घोंगड्या घडी केल्यास, मी लहानपणी बघितलंय. घडी करताना तुझं तोंड दगडासारखं व्हायचं, आणि घरी आल्यावर तू जेवायचा नाहीस.

मला तो दिवस आठवतो. तू ओढ्यावर अंघोळीला गेलेला. आई चुलीत फुंकायलीय, धुरानं तिचे डोळे लाल. किंगरी मेढीच्या खुंटीला टांगलेली. तिचं नारळाच्या करवंटीवरचं कातडं मी नखानं वाजवते, टप टप. मग गज काढते. गजाला बांधलेली घुंगरं वाजतात तशी आई म्हणते, "ठिव ते. येतील." मी ठेवत नाही. मी गज ओढते आणि तुझी चाल निघते. आडवीतिडवी निघते, पण निघते. आई फुंकायची थांबते. तेवढ्यात दारात तू, ओल्या धोतरानं. मला वाटलं मारशील. मारलं असतंस तर बरं होतं. तू गज माझ्या हातातून घेतलास, धोतराच्या सोग्यानं पुसलास, जसं काही त्याला शेण लागलंय, आणि म्हणालास, "बाईनं गज ओढला की मेंढी आटती." त्याच हप्त्यात एक मेंढी आटली आणि तू मला बोलावून दाखवलीस. ती मेंढी इतकी म्हातारी होती की तिला लांडग्यानंही विचारलं नसतं. तरी दोष माझा. त्यानंतर भावाला पुढ्यात बसवून तू शिकवायला लागलास. तो बेसूर ओढायचा, तू डोळे मिटून घ्यायचास. मी चुलीकडं बघत असायची. कान काही चुलीकडं नसतात.

मग मी चाल जात्यावर घेतली. तिथं कुणाची बंदी नव्हती. आई समोर बसायची, दोघींचा हात एका खुंट्याला, आणि मी तोंडातल्या तोंडात तुझी चाल म्हणायची. आई कधी "नको" म्हणाली नाही, कधी "म्हण" पण म्हणाली नाही. लग्न झालं तेव्हा निघताना तू गजाचं एक घुंगरू सोडून माझ्या मुठीत दिलंस. "हे घे. वाजवू नगंस, नुसतं ठिव." तुझं देणंसुद्धा असं, एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं अडवायचं. सासरी मेंढरं नव्हती, शेती होती. मी ते घुंगरू जात्याच्या खुंट्याला बांधलं. सासू म्हणाली, "तुझ्या बापानं दागिना लयच वजनदार घातला." मी म्हटलं, "हो, म्हणूनच दगडाला बांधलाय." दररोज पहाटे मी दळत राहिले आणि तुझी चाल म्हणत राहिले. तू मेलास त्या सकाळीही म्हणत होते. मला निरोप दुपारी आला.

तुझ्यामागं भाऊ घोंगडीवर बसायला लागला. रझाकाराच्या धामधुमीत तो मेंढरं घेऊन वऱ्हाडात गेला, बैठकीपुरता येत राहिला, आणि तीन वर्षांमागं तिकडंच हगवणीनं मेला. त्याला मूलबाळ नव्हतं. किंगरी तेवढी परत आली, बरोबरच्या लोकांनी घोड्यावर बांधून आणलेली. मग तुझी घोंगडी एक बैठक रिकामी, दुसरी बैठक रिकामी. यंदा तिसरी. तुझ्या घरचं म्हणावं असं माझा थोरला लेक सोडून कुणी उरलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी निरोप धाडला की लेकीचा लेकही चालेल, दिवसच तसे आलेत. मला हसू आलं. लेक चालत नव्हती, लेकीचा लेक चालतो.

लेक म्हणाला, "आये, मला बैलाला हाका मारता येत्यात, किंगरी न्हाई येत." मी म्हटलं, "चाल माझ्या तोंडात हाय. तू फकस्त गज ओढ." अख्खा हिवाळा मी त्याला शिकवलं. मी म्हणायची, तो ओढायचा. पोरगा गुणाचा, आणि त्याला कान आहे. तो कान कुणाचा ते तू समजून घे. माघ सरता सरता त्यानं अशी वाजवायला घेतली की मला कुठं बोट ठेवायला जागा राहिली नाही. मी त्याला शाबासकी दिली नाही, तुझीच लेक आहे. पण मनात म्हटलं, बघ बा. गज न धरता मी तुझं घर राखलं.

शनिवारी दुपारी त्याची पाळी आली. आम्ही बाया पलीकडं गाड्यांच्या सावलीला. लेक तुझ्या घोंगडीवर बसला, भोंगेवाल्याला म्हणाला, "ते बाजूला करा." त्यानं वाजवायला सुरुवात केली आणि मी डोळे मिटले. एकही सूर चुकला नाही. माझा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरायला लागला, शेजारची म्हणाली, "काय दळायलीस गं?" मी म्हटलं, "गप बस." मला इतकं बरं वाटत होतं, की ती काय म्हणाली ते मला कळलंच नाही. आत्ता कळतंय.

वाजवून झाल्यावर कुणी वाहवा केली नाही. तुझा जोडीदार, ज्याला तू खोकड म्हणायचास, तो आता सगळ्यांत म्हातारा. त्याचाच शब्द चालतो. तो म्हणाला, "लेकरा, हात लय गोड हाय तुपला. पर ही चाल तुज्या आज्याची न्हाई. हे जातं हाय."

लेक म्हणाला, "आयेनं शिकवली तशीच वाजवली म्या."

"त्याच्या चालीत थांबा व्हता," खोकड म्हणाला. "तो मेंढरामागं चालत वाजवायचा. मेंढरं चरायला थांबली की गज थांबायचा. मेंढरं निघाली की निघायचा. आमी आयकताना समदे श्वास धरून बसायचो, आता उचलंल, मग उचलंल. तुज्या मामाला सूर नव्हता, पर थांबा व्हता. तू तर कुठं थांबलाच न्हाईस. नुसता गरागरा."

मी उठले. बाया लुगडं ओढायला लागल्या, तरी गेले आणि घोंगड्यांच्या मधोमध उभी राहिले. तिथं आजवर बाई उभी राहिली नव्हती. कुणी हाकललं नाही, ते जास्तच वाईट. हाकलायला दम असावा लागतो, तो कुणातच उरला नाही. मी म्हटलं, "पोराचं काय न्हाई. मला येती चाल. बाच्या हातची आयकलेली हाय म्या."

खोकडानं वर बघितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "मग म्हण, बाई. किंगरी ऱ्हाऊ दे. तोंडानं म्हण. आमाला बी आयकायचीय."

बा, उभ्या जन्मात मला हे कुणी म्हणालं नव्हतं. म्हण. एवढ्या एका शब्दासाठी मी तुझ्यावर डूख धरून बसले होते. पलीकडं भज्यांची कढई चरचरत होती. मी तोंड उघडलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आणि मला कळत होतं की आता कुठंतरी थांबायचंय. खोकड माझ्या तोंडाकडं बघायलाय, त्याचा हात अधांतरी धरलेला, इथं थांबेल, आता थांबेल. मी थांबले नाही. कुठं थांबू? जात्यावर थांबता येत नाही. दगड एकदा थांबला की पुन्हा उचलताना खांदा निखळतो, म्हणून बाई सूर भरून काढते आणि फिरवत राहते. मी तुझी प्रत्येक जागा भरून काढली होती, वर्षानुवर्षं, पीठ भरावं तशी. तू कवा थांबायचास ते मला दिसतं. ओढ्याच्या चढावर तू पाठमोरा, खांद्यावर किंगरी, मेंढरं बाभळीखाली चरायलीत, गज हवेत उचललेला, आणि मी भाकरीचं फडकं घेऊन मागं उभी. दिसतं सगळं. पण चालीत ते कुठं होतं, कोणत्या सुरानंतर, ते गेलं. मी दोनदा पहिल्यापासून धरलं. दोन्ही वेळा गरागरा.

खोकड म्हणाला, "बस कर, बाई." मायेनं म्हणाला. मग तो उठला, दोघांनी त्याला धरलं, आणि त्यानं तुझी घोंगडी उचलली. मी म्हटलं, "तुमाला तर ठाव हाय थांबा. तुमी सांगा की." तो म्हणाला, "दुसऱ्या घरची चाल म्या कशी वाजवू? आयकायची म्हायती हाय, वाजवायची न्हाई. आन मी तरी किती दिवसांचा." दस्तूर. चाल मेली तरी दस्तूर मरत नाही. घडी करताना त्याचं तोंड तुझ्यासारखंच दगडाचं झालं. घोंगडी त्यानं लेकाला दिली नाही, माझ्या हातात दिली. ऐतवारी आम्ही थांबलो नाही. गाडीत लेक एकदाच बोलला. "आये, मला तर गोड लागत व्हती." आता तो किंगरीला हात लावत नाही आणि मी लाव म्हणत नाही. कशाला लावायचा?

तुझ्यावर रागावायला बसले होते, ते पण नीट जमेना. तू मला गज दिला असतास तर मी मेंढरामागं चालले असते, आणि थांबा माझ्या पायात राहिला असता. हे एक. पण भावाला दिलास आणि त्यानं बेसूर का होईना, तो सांभाळला. हे दुसरं. मला कान होता म्हणून मी मिरवत आले, आणि त्याच कानानं तुझं घर पुसलं. दोन्ही खरं असेल तर मी कुणाला शिव्या देऊ? जातं अजून आहे, पण गावात पिठाची गिरणी आली, दळायला सून तिकडं जाते. घुंगरू खुंट्याला तसंच आहे, वाजत नाही. तू म्हणाला होतास तसं, नुसतं ठेवलंय.

हा कागद टपालात घालायला ताडकळसला जाणार नाही, तितकी मी खुळी नाही. घोंगडीच्या घडीत घालून ठेवते. ही घोंगडी मी अजून उलगडली नाही, लिहिताना मांडीवर घेतलीय. एक सांगते आणि संपवते. मला आता तुझी चाल नको वाटते. पहाटे जाग येते तेव्हा तोंडात माझीच येते, ती फिरती, आणि मला ती गोड लागते.

याचं उत्तर तू देऊ नकोस. तू मेंढी दाखवशील. कागद आईला दे, तीही आता तिकडंच आहे. ती जात्याला माझ्यासमोर बसायची, तिचा हात त्याच खुंट्याला होता. तुझा थांबा माझ्या तोंडातून कोणत्या दिवशी गेला ते तिनं ऐकलं असणार. तिनंच सांगावं, आणि ती गप्प का बसली तेही सांगावं.