तात्यांचा एकच तांब्या

सोम. २२ जाने. ९६
तिसरीची मंगल आज पिवळे डोळे घेऊन आली. शाळेतली ही पाचवी कावीळ. आल्या पावली घरी पाठवलं तर रडायला लागली, हजेरी बुडते म्हणून. पहिल्या वर्षी हिलाच शाळेत आणायला मी किती चकरा मारल्या होत्या. आता मीच हाकलतेय. हसू पण येईना.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाई दुपारी आल्या. शाळेच्या टाकीत पावडर टाकली, पाण्याची बाटली भरून तपासायला नेली. म्हणाल्या, आज डोळ्यांत दिसणारी कावीळ महिन्याभरापूर्वी पोटात गेलेली असते. पाणी उकळा, पोरांचे हात धुवा, आजारी पोर घरी ठेवा आणि धीर धरा. पहिल्या तीन गोष्टी जमतील.

गुरु. २५ जाने.
तालुक्याचे साहेब आले होते. टाकीभोवती एक फेरी, चहा, मग निकाल: "तूर्त शाळा बंद ठेवा, बाई."

मी म्हटलं, साहेब, वस्तीवरची शाळा आहे. एकदा कुलूप लागलं की पट कमी दाखवून ही शाळा गावच्या शाळेत विलीन करतील. कॅनॉल ओलांडून गावात मुलगे जातील. पोरी जाणार नाहीत, शेरडांमागं जातील. साहेब मान हलवत राहिले. शेवटी फेब्रुवारीअखेर मुदत दिली. तोवर नवे रोगी थांबले पाहिजेत. रोगाला कोण सांगणार मुदत.

संध्याकाळी तात्यांनी गाडीभर चिपाडं पाठवली, पाणी उकळायला जळण म्हणून. शाळेची जागाही त्यांचीच. गुऱ्हाळाचा मालक, पण वस्तीला मालक वाटत नाही, आजोबा वाटतो.

मंगळ. ३० जाने.
अंगणात तीन दगडांची चूल, गावजेवणाचं पातेलं. शिंदे सर जाळ घालतात, मी गाळते. आम्ही दोघंच शिक्षक, त्यात दोघंही आचारी झालो. पोरांची तक्रार, पाण्याला धूर लागतो. लागू दे.

हिराबाईनं आपल्या पोराबरोबर घरची पाण्याची बाटली दिलीय. "राग मानू नका बाई, रोगाचं हाय म्हणून." राग नाही मानला. पण माझ्यासारखीच्या हातचं पाणी नको म्हणून हीच बाटली एके काळी आली असती, आणि तेव्हा कारण सांगायचीही गरज पडली नसती, हे मनात आलंच. बाई, तू पाणी उकळ.

शनि. ३ फेब्रु.
सकाळची शाळा सुटल्यावर गुऱ्हाळावर गेले, चिपाडांबद्दल आभार मानायला. जायला नको होतं असं आता वाटतं. नाही, जायलाच हवं होतं.

चरकापाशी पोरांची रांग. तात्या स्वतः तांब्यानं रस देत होते. "कावीळवाल्याला आधी. रसानं कावीळ उतरती." मंगल सगळ्यांत पुढं. ती पोटभर प्यायली, उरलेला रस धाकट्या भावाला. रस ओतून द्यायचा नसतो, ती लक्ष्मी. मग तांब्या हौदात बुडवून पुढच्या पोराच्या हातात. हौदात कॅनॉलचं पाणी, आणि त्यातच सगळ्यांचे चिकट हात. सगळी वस्ती रोज तिथं. पाणी मी उकळतेय आणि कावीळ तांब्यातून फिरतेय.

सुनंदा, तात्यांची लेक, संक्रांतीला बाळंतपणासाठी आलीय. सातवा महिना. तीही त्याच तांब्यानं रस पीत होती. "बाई, बाळाला गोड आवडतं," म्हणाली.

तात्यांनी तांब्या माझ्यापुढं धरला. पोट बिघडलंय म्हणून थाप मारली. त्यांनी तांब्या मागं घेतला. मी याआधी कधी नाही म्हटलेलं नाही.

रवि. ४ फेब्रु.
इंदापूरला घरी. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग सांग की सरळ त्यांना. त्यात काय?"

त्यात काय! माझे वडील याच भागात ऊस तोडायला जायचे. गुऱ्हाळावर त्यांना रस वरून ओंजळीत मिळायचा, कोपरापर्यंत ओघळ यायचे. भांड्याला हात लावायचा नाही. तात्यांनी गुऱ्हाळ हातात आलं त्याच हंगामात एकच तांब्या ठेवला, सगळ्यांना. भाऊबंद दोन वर्षं त्यांच्याकडं जेवले नाहीत. मी या शाळेवर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला त्याच तांब्यानं रस दिला आणि पाठोपाठ स्वतः प्यायले, मला दिसेल असं. त्या दिवशी एसटीत रडत घरी आले होते.

आणि आता मी जाऊन सांगू, वेगळं भांडं ठेवा? मी?

सोम. ५ फेब्रु.
सिस्टरबाईंना विचारलं. रस वाईट नाही, म्हणाल्या. हौद, हात आणि तांब्या वाईट. पण काविळीत सगळ्यांत धोका गरोदर बाईला. तिला तिथून आधी उठवा.

मग आता कसली लाज.

मंगळ. ६ फेब्रु.
सांगितलं. हौद बंद करा, आजारी पोरांना घरच्या पेल्यात रस द्या, सुनंदाला अजिबात नको. खूप जपून बोलले. तरी तात्यांचा चेहरा उतरला.

"येगळं भांडं? बाई, तुमी म्हंताय हे?"

मी म्हटलं, तात्या, जातीसाठी नाही, रोगासाठी.

"आमच्या वाडवडलांनीबी कधी जातीसाठी म्हनलं न्हवतं. इटाळ म्हनायचे, सवळं म्हनायचे. कायबी नाव द्या. येकदा तांब्ये दोन झाले की पुन्हा येक व्हत न्हाईत, बाई. मला ठावं हाय."

  माणूस चुकत होता आणि खरं बोलत होता.

शेवटी म्हणाले, "मग आजपास्नं कुनालाच रस न्हाय." तांब्या उचलून घरात गेले.

शुक्र. ९ फेब्रु.
चिपाडं आली नाहीत. शिंदे सरांनी बाभळीच्या काटक्या आणल्या. पोरांचं तोंड वाकडं, बाईंनी रस बंद केला. हिराबाईनं तर सुनावलंच, "औशद बंद केलं आन् धुराचं पानी पाजता." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. आज दिवसभर सगळ्यांवर खेकसले. दुसरीच्या वर्गावर जरा जास्तच.

सोम. १९ फेब्रु.
मंगल परत आली. डोळे पांढरे, गाल बसलेले, सारखी बोलते. पण चौथीत दोन नवे. सिस्टरबाई म्हणतात, हे जुनंच पोटातलं, आणखी दोन-तीन आठवडे निघतील. तपासणीचा कागद पुण्याहून अजून नाही. वस्तीत मात्र निकाल लागलाय, दोष शाळेच्या टाकीचा. पन्नास टक्के पोरं घरी.

साहेबांची चिठ्ठी: सोमवारी येऊन पंचनामा करतो.

तात्या रस्त्यात दिसले. रामराम घातला. त्यांनीही घातला, पण थांबले नाहीत.

शुक्र. २३ फेब्रु.
सुनंदाला कावीळ. तीन दिवस उलट्या होत होत्या, घरच्यांना वाटलं, गरोदरपणातल्याच. आज डोळे हळदीसारखे. जीपनं बारामतीला नेलं. मी धावत रस्त्यापर्यंत गेले तेव्हा जीप निघत होती. तिनं आतून हात केला.

सहा तारखेनंतर तिनं रस घेतलेला नाही, हे मला माहीत आहे. त्याआधी रोज. मी बरोबर होते, याचा आज काडीचा उपयोग नाही. उलट राग येतोय त्या बरोबर असण्याचा.

रवि. २५ फेब्रु.
घरी गेलेच नाही. तिची शुद्ध हरपतेय म्हणून बारामतीहून पुण्याला हलवलंय. बरोबर तिचा नवरा आणि आई. तात्यांना गाडीत जागा नव्हती म्हणतात. मला वाटतं, ते बसले नाहीत.

सोम. २६ फेब्रु.
साहेब आले. वस्तीतले पाचपंचवीस जण जमले. जो तो टाकीकडं बोट दाखवत होता. साहेबांनी कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. मी बोलायला लागले, उकळलेलं पाणी, आजारी पोरं घरी, सगळं. हौदाचं नाव माझ्या तोंडातून निघेना. कालपासून लेक शुद्धीत नाही अशा माणसाचं नाव कसं घ्यायचं.

तेवढ्यात तात्या आले. अंगात बंडी तशीच, दाढी वाढलेली. सरळ साहेबांपुढं.

"लिव्हा. रोग माझ्या गुऱ्हाळावनं आला. बाईंनी सांगितलं व्हतं, मीच उलटा बोललो. साळा बंद करायची न्हाय."

कुणीतरी म्हणालं, तात्या, तुमी कशापायी अंगावर वढून घेताय, तुमी तर पुण्याईचं काम केलं.

"साळा बंद केली तर समदे म्हंतील साळंमुळंच झालं. आन् मी सुटंन." मग, "मला सुटायचं न्हाय."

 हिराबाई पदर तोंडाला लावून उभी. साहेबांनी टोपण लावलं, कागद घडी करून खिशात ठेवला. वरिष्ठांना विचारून कळवतो म्हणाले आणि गेले.

मग वर्ग घेतला. काय शिकवलं, आठवत नाही. शाळा सुटली, पोरं गेली. पुण्याहून निरोप नाही. संध्याकाळची एसटी आली, त्यातही कुणी उतरलं नाही. तात्या शाळेच्या पायरीवर बसून होते. घरी जा म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मीही शेजारी बसले.