दत्तूच्या हातोडीचा ठेका

रविवार, संध्याकाळ

आज दत्तूला ग्रुपमधून काढायची पाळी आली होती. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. आता शाहूपुरीत त्याचं चपलांचं दुकान. शाळेतल्या कविता आवाजात म्हणून टाकायचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्याचा नियम मीच लिहिलेला: दुकानदारानं दुकान आपलं आहे हे आधी सांगावं, गिऱ्हाईक बनून स्वतःची तारीफ करू नये.

आणि काल यानं नव्या नंबरावरून, घोगऱ्या आवाजात मेसेज टाकला, "मी एक गिऱ्हाईक. दत्तूच्या चपला म्हंजे लोणी हाय की." मागं हातोडीची ठकठक. गिऱ्हाइकाच्या घरी हातोडी?

दुपारी फोन केला. "दत्तू, नियम आहे रे."

"व्हय, चुकलं. काढ मला. पर कविता कुणाला म्हणून दाखवू? घरात कोण ऐकत न्हाय."

माझं तरी कोण ऐकतं? फोन ठेवला. ग्रुप माझ्यासोबत लीलाबाई सांभाळतात, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "वर्गात काय शिक्षा असायची? उभं राहून कविता म्हणायची."

पाच वाजता दत्तूचा मेसेज आला, खऱ्या आवाजात. "दुकान माझंच, तारीफ बी माझीच." मग चौथीतली कविता, सगळी कडवी पाठ, ठेक्याला तीच हातोडी. मला तर खडूचा वाससुद्धा आला.

कुणीतरी विचारलं, "मागची ठकठक जाहिरातीत धरायची का?"

लीलाबाईंनी लिहिलं, "नाही. तो तबला आहे."

चष्म्याच्या डबीवर माझी बोटं अजून तोच ठेका धरून आहेत.